आठ किलोमीटरांचा दिवस

खिरेश्वर गावातून टोलार खिंडीच्या वाटेने हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावरील देवळाशी जावयाचे म्हटले, तर अंतर सुमारे ८ किलोमीटर भरते आणि चढ साधारणतः ६०० मीटरांचा पडतो. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली डोंगरातील चालीचा एक ठोकताळा बांधून दिला, तो अद्यापि जगभर चालतो: वाटेच्या दर ३ मैलांस एक तास, आणि त्याउपर दर २,००० फूट चढाईस आणखी एक तास. या हिशेबाने ही मजल अडीच तासांच्या थोडी पुढे संपावी. परंतु नाइस्मिथच्या गणितात स्कॉटलंडची थंड हवा गृहीत आहे आणि ओझ्याचा जमाखर्च त्यात मुळीच नाही. पाठीवर १०-१२ किलोंची सॅक, डोक्यावर दख्खनचे ऊन आणि पायांखाली घसारा असता चार-पाच तास सहज मोडतात, आणि बहुतेक मंडळी तेवढ्या वेळात वर पोहोचून मोकळी होतात. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की, या वाटेस अख्खा दिवस द्यावा. कारण विसाव्याच्या, पाण्याच्या आणि वस्तीच्या जागा सह्याद्रीने आपल्या अंगावर स्वतःच नेमून ठेविल्या आहेत, आणि त्या तेथेच का, याचा उलगडा जो त्या त्या जागी ओझे उतरवून बसतो त्यालाच होतो.

गडाचे स्थानच मोठे चमत्कारिक आहे. पुणे, ठाणे आणि नगर (आताचा अहिल्यानगर) या तीन जिल्ह्यांच्या हद्दी जेथे एकमेकींस भिडतात तेथे हा पर्वत उभा आहे. महसुली दप्तरात माथा अकोले तालुक्याचा, दक्षिण पायथ्याचे खिरेश्वर जुन्नर तालुक्याचे, आणि पश्चिमेस कोकणकड्याच्या तळाशी पसरलेला मुलूख मुरबाड तालुक्याचा. तारामती हे त्याचे सर्वोच्च शिखर १,४२९ मीटर उंच आहे. १९८६ साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात हा सारा माथा मोडतो, तेव्हा येथे जावयाचे ते वनखात्याचे नियम पाळूनच. ऋतू म्हणाल तर आश्विनापासून माघापर्यंतचा उत्तम: पावसाने वाटा मोकळ्या केलेल्या असतात, ओढे अजून वाहते असतात, आणि कातळ तापून निघालेला नसतो.

आता ओझ्याविषयी. अंथरूण-पांघरूण, एक जाड लोकरी कपडा, दोरी, विजेरी, भांडे, दोन वेळचा शिधा (तांदूळ, मुगाची डाळ, गूळ, शेंगदाणे, आणि घरून बांधून घेतलेल्या भाकऱ्यांबरोबर थोडा ठेचा) आणि तीन लिटर पाणी एवढा सरंजाम एका सॅकमध्ये बसतो, व तो बसावा तसा बसला नाही तर दिवसाचा विचका होतो. जड वस्तू पाठीशी अगदी लगटून, खांद्यांच्या फऱ्यांच्या उंचीस असाव्यात. हलके परंतु ऐसपैस अंथरूण तळाशी. आणि कमरेचा पट्टा नितंबाच्या हाडांवर इतका घट्ट की, भाराचा मोठा हिस्सा खांद्यांवरून निघून पायांवर जावा. जड वस्तू पाठीपासून दूर, बाहेरच्या अंगास भरली म्हणजे सॅक मागे ओढते, ती ओढ सावरण्याकरिता मनुष्य पुढे वाकतो, आणि त्या वाकण्याची किंमत संध्याकाळी कंबर वसूल करते.

ओझे वाहण्याच्या विद्येत आपण शहरी माणसे फार उशिरा दाखल झालेले उमेदवार आहोत, हे ध्यानी ठेवावे. एव्हरेस्टच्या वाटेवरील नामचे बाजाराकडे माल वाहून नेणाऱ्या नेपाळी भारवाहकांची शास्त्रज्ञांनी पाहणी केली, ती २००५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पुरुषांच्या पाठीवरचे ओझे सरासरीने त्यांच्या स्वतःच्या वजनाच्या ९० टक्क्यांहूनही अधिक भरले; ते कपाळावरून घेतलेल्या पट्ट्याने तोलून ही माणसे अनेक दिवस चढ-उतार करीत जातात. त्यांची शरीरे काटकसरीने चालतात हे तर खरेच, परंतु त्यांची रीतही पाहण्याजोगी आहे: भार जितका मोठा तितकी चाल संथ, थांबे वारंवार, आणि दिवसाचे चालण्याचे तास पुष्कळ. आपल्याकडील चढाऊ मंडळी याच्या नेमके उलट करितात. भराभर चालावयाचे, दम लागला की मटकन बसावयाचे, आणि अर्ध्या तासाने थंडावलेले स्नायू घेऊन कण्हत उठावयाचे. खिरेश्वरच्या आमच्या वाटाड्याची रीत मात्र नेपाळ्यांच्या जातीची होती. तो खाली बसतच नसे. कमरेइतक्या उंचीचा धोंडा दिसला की त्यास पाठ लावून सॅकचे बूड त्यावर टेकवी, पट्टे ढिले करी, चार-सहा दीर्घ श्वास घेई, आणि पुनः चालू लागे. “दमायच्या आधी टेकावं,” एवढाच त्याचा खुलासा. त्यामागे हिशेब आहे: जमिनीवर ठेविलेले ओझे पुनः खांद्यावर चढविण्यात जो हिसका बसतो, तो या युक्तीने सबंध वाचतो. चाल केवढी असावी याचे माप त्याच्यापाशी घड्याळात नव्हते. गोष्ट सांगता सांगता वाक्य न तुटता पुरे झाले पाहिजे, ही त्याची कसोटी, आणि व्यायामशास्त्राचे आजचे जाणकारही जवळजवळ हीच सांगतात.

गावाबाहेर नागेश्वराचे प्राचीन देऊळ लागते. छतावरची शिल्पे पाहावयाची तर येथेच पाहावीत, कारण परतीची वाट दुसरीकडून आहे. देवळामागे थोडी शेते, मग करवंदीच्या जाळ्या, आणि चढ सुरू.

हा चढ एकसारखा नाही. छातीवर येणारा एक टप्पा, मग अचानक सपाटी, पुनः एक टप्पा, पुनः सपाटी, अशी पायऱ्यापायऱ्यांची घडण अवघ्या सह्याद्रीस आहे, आणि तिचे कारण सुमारे ६.६ कोटी वर्षांमागे जाऊन शोधावे लागते. त्या काळी भूकवचास पडलेल्या लांबलचक भेगांतून लाव्हारस वारंवार उसळून आला व चादरीसारखा पसरून थिजला. एका थरावर दुसरा, त्यावर तिसरा, असे करिता करिता जो प्रदेश झाकला गेला त्याचे, झिजून उरलेले क्षेत्रच आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. प्रत्येक थराच्या अंगी दोन स्वभाव असतात. त्याचा गाभा सावकाश निवतो, निवताना आकसतो, आणि आकसताना त्यास उभ्या चिरा पडतात. पुढे पाणी त्या चिरांत शिरून उभे ठोकळेच्या ठोकळे निखळवून पाडते, म्हणून या भागाचा कडा होतो. उलटपक्षी थराचा वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला असल्याने लवकर कुजतो, त्याची माती होते, मातीवर झाड धरते, आणि तेथे उतरता पदर तयार होतो. खिंडीच्या अलीकडे वाटेने जेथे डोंगराची कड कापली आहे तेथे हाताच्या अंतरावर हे पाहता येते: काळसर दगडात वाटाण्यापासून लिंबाएवढ्या पोकळ्या, पोकळीच्या भिंतीस हिरवट मुलामा, आणि आत पांढऱ्या स्फटिकांची बारीक दाटी. लाव्हारस थिजल्यानंतर दगडातून झिरपलेल्या पाण्याने ते स्फटिक मागाहून आणून बसविले. झिओलाइट या खनिजवर्गातले ते असतात. नखाने टोकरावे, पण फोडून खिशात घालू नये, अभयारण्यात ते चालत नाही.

दोन थरांच्या मध्ये पुष्कळ ठिकाणी विटकरी तांबड्या मातीचा एक पट्टा दिसतो. एक थर थिजल्यानंतर पुढचा येईपर्यंत जो दीर्घ काळ गेला, त्या काळात उघड्या पृष्ठाची झालेली ही माती. वरून आलेल्या तप्त रसाने ती भाजून निघाली. या क्षुल्लक दिसणाऱ्या पट्ट्यावर डोंगरातील जीविताचा केवढा भार आहे! माथ्यावर पडलेले पावसाचे पाणी कातळाच्या उभ्या चिरांतून खाली खाली उतरत जाते, या चिकण थराशी आले की त्याची वाट अडते, आणि मग ते आडवे वाहत कड्याच्या पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. म्हणून कड्याखाली पदर, पदरावर झरा, झऱ्यापाशी आंबा-जांभळाची राई, आणि राईजवळ महादेव कोळ्यांची पाच-दहा घरांची वाडी, हा क्रम सह्याद्रीत पुनःपुन्हा भेटतो. थकलेल्या मनुष्यास नेमकी जेथे सावली, सपाटी आणि पाणी लागते तेथेच ती मिळावीत, हा योगायोग म्हणावा तर फार वेळा घडणारा आहे. वाटाडे थांबण्याच्या जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक का ठेवितात, याचे उत्तर त्या तांबड्या पट्ट्यात आहे.

पाण्याची तजवीज मात्र सावधगिरीने करावी. घामाचे एक लिटर पाणी अंगावरून सुकून जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जाते; चढणाऱ्या शरीराची ही मुख्य शीतकयोजना होय, आणि तिला पाण्याचा पुरवठा तहान लागण्याची वाट न पाहता घोटाघोटाने करावा लागतो. कोरड्या हवेत घाम दिसण्याआधीच सुकतो, त्यामुळे आपला खर्च किती झाला हे कळत नाही, म्हणून कार्तिक-मार्गशीर्षातच लोक अधिक फसतात. टोलार खिंडीच्या पुढे भरवशाचे पाणी बराच वेळ भेटत नाही.

टोलार खिंडीत एका शिळेवर वाघ कोरलेला आहे. तो पाहून लोक पुढे सरकतात, परंतु खरा नवलाचा प्रकार पायांखालची जमीन हा आहे. दक्षिणेस तोंड करून उभे राहिले असता समोर पडलेला पाऊस पुष्पावतीत जातो. पिंपळगाव जोगे धरणाचे पाणी तेच. तेथून कुकडी, कुकडीतून घोड, घोडेतून भीमा आणि अखेर कृष्णा असा त्याचा दरमजल प्रवास. पाठीमागे, उत्तरेच्या उतारावर पडलेला पाऊस मुळेत, मुळेतून प्रवरेत आणि प्रवरेतून गोदावरीत जातो. दोन्ही पाणी बंगालच्या उपसागरासच मिळावयाचे, परंतु शेकडो कोसांच्या अंतराने. आणि याच गडाच्या पश्चिम कड्यावरून ओघळणारे तिसरे पाणी काळू नदीतून उल्हासेस मिळून, थोडक्या वाटेत अरबी समुद्रास जाते. भूगोलाच्या पुस्तकात हरिश्चंद्र-बालाघाट रांग ही गोदावरी आणि भीमा यांच्या खोऱ्यांमधील जलविभाजक म्हणून पाठ केलेली असते. ती रांग येथून सुरू होते, आणि खिंडीत डबा उघडून बसले असता एक पाय भीमेच्या खोऱ्यात व दुसरा गोदावरीच्या खोऱ्यात ठेविता येतो.

खिंडीनंतर कातळटप्पा. हा वर सांगितलेल्या गाभ्याचा, घट्ट बेसाल्टचा. आता त्यास लोखंडी कठडे लावले आहेत, तरी सॅकसह चढताना दोन हात व दोन पाय यांपैकी तीन नेहमी स्थिर असावेत, आणि चौथाच हलवावा, ही जुनी शिस्त मोडू नये. टप्पा संपला म्हणजे शिखर आले, अशी नवख्याची समजूत होते. वास्तविक येथून लहान लहान टेकड्यांची माळ लागते. भटके तिला सात टेकड्या म्हणतात. चढावे, उतरावे, पुनः चढावे. देऊळ काही दिसत नाही. घाईच्या माणसाचा जीव येथे मेटाकुटीस येतो, आणि निवांत माणसाचा उत्तम वेळ येथेच जातो.

कारण ही वाट रानातून आहे. अंजनीची गच्च पालवी, हिरड्याची उंच झाडे, आणि उघड्या उतारांवर माणसाच्या उंचीची कारवी. कारवी हे झुडूप सात वर्षांतून एकदा फुलते, त्या वर्षी डोंगरच्या डोंगर जांभळा होतो, मधमाश्यांची चंगळ उडते, आणि बी धरले की झुडूप मरून जाते. बाकी सहा वर्षे खरखरीत पानांची ही गर्दी कोणाच्या खिजगणतीत नसते. तिच्या सरळ काठ्या मात्र गावास नेहमी लागतात: त्या जवळजवळ रोवून, विणून, शेणमातीने लिंपले की कूड तयार होतो, आणि वाड्यांतील कित्येक घरांच्या भिंती अशाच उभ्या आहेत. हिरड्याची कोवळी फळे पिकण्यापूर्वी गोळा करून वाळवितात. हा बाळहिरडा जुन्नर, आंबेगाव, अकोले या तालुक्यांतील आदिवासी कुटुंबांच्या रोख उत्पन्नाची एक बाब आहे. ओढ्याच्या घळीतून शीळ आली आणि कोणी गुराखी असेल असे वाटले, तर क्षणभर थांबून पाहावे. बहुधा तो मलबारी कस्तूर असतो, आणि त्याची शीळ माणसाच्या शिळेइतकीच अघळपघळ असते.

वाटेत ढोरवाटा फार फुटतात. गुरांच्या पायांनी मळलेली वाट माणसांच्या वाटेपेक्षा कित्येकदा ठळक दिसते, परंतु ती आडवी-तिडवी जाऊन चाऱ्यापाशी संपते. दगडावर दगड रचून ठेविलेली खूण बराच वेळ दिसली नाही तर मुकाट्याने मागे फिरून शेवटच्या खुणेपाशी यावे.

दुपार कलता कलता देऊळ येते. हरिश्चंद्रेश्वराचे हे मंदिर, समोरची पुष्करिणी व तिच्यातील कोनाडे, ओढ्याच्या बाजूची केदारेश्वराची गुहा, यांची वर्णने इतरत्र पुष्कळ झाली आहेत. गुहेत कमरेइतक्या गार पाण्यात भव्य शिवलिंग आहे आणि त्याभोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत आहे. तो कलियुगाचा, अशी लोकांची समजूत. चांगदेवांनी येथे तप केले व शके १२३४ म्हणजे इ. स. १३१२ मध्ये ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ रचला. त्या ग्रंथात या पर्वताचा आणि येथून वाहणाऱ्या मंगळगंगेचा उल्लेख आहे. येथील झोपड्यांतून पिठले-भाकरी मिळते, ती घ्यावी. आपला शिधा वाचतो आणि वाडीतल्या घरास चार पैसे होतात.

सॅक देवळापाशी ठेवून, रिकाम्या पाठीने कोकणकड्यावर जावे. अर्धवर्तुळाकार, मध्ये आत खचलेला हा कडा जवळजवळ अधांतरी कोकणावर लोंबतो. खालून चढून येणारा वारा कधी कधी इतका जोरकस असतो की, टाकलेले गवताचे पाते वर परत येते. सूर्यास्त पाहण्यास लोक येथे गर्दी करितात. परंतु या कड्याचा नामांकित चमत्कार सकाळचा आहे. पक्ष्यांपासून पर्जन्यापर्यंत दख्खनच्या नाना गोष्टींची टिपणे करणाऱ्या कर्नल साइक्स या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने, १८३५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या हवामानविषयक निबंधात, गडाच्या कड्यावरून धुक्यात दिसलेल्या वर्तुळाकार इंद्रधनुष्याची नोंद केली आहे. भटक्यांत त्यास इंद्रवज्र म्हणतात. कडा पश्चिमाभिमुख असल्यामुळे उगवता सूर्य पाहणाऱ्याच्या पाठीशी असतो. समोर खाली ढग साचला असेल तर आपली सावली त्यावर पडते, आणि सावलीच्या डोक्याभोवती रंगीत वलय उमटते. साधे इंद्रधनुष्य पावसाच्या मोठ्या थेंबांतून वक्रीभवनाने घडते आणि त्याची त्रिज्या सुमारे ४२ अंशांची असते; येथे थेंब मिलिमीटरच्या शतांशाच्या घरातले, वलय अवघ्या काही अंशांचे, आणि त्याचे कारण आल्या दिशेस परत फिरणाऱ्या प्रकाशलहरींचे परस्परांत मिसळणे. चौघे शेजारी शेजारी उभे राहिले तरी प्रत्येकास वलय आपल्याच मस्तकाभोवती दिसते, यावरून पूर्वी लोकांनी काय काय अर्थ काढले असतील ते सांगावयास नको.

त्या सकाळीकरिता रात्री वर मुक्काम करणे भाग आहे, आणि बिछान्याची जागा निवडण्यातही थोडे शास्त्र आहे. दर १,००० मीटर उंचीस हवा सरासरीने ६.५ अंशांनी थंड होते, म्हणजे खिरेश्वरापेक्षा माथा सुमारे ४ अंशांनी गार. परंतु निरभ्र रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून वाहत खोलगट भागात साचते, व हा फरक त्याहून अधिक बोचतो. ओढ्याकाठची मऊ हिरवळ दिवसा कितीही मोहक दिसली तरी रात्री तीच सर्वांत गार आणि दवाने ओली; म्हणून पाण्यापासून हटून, थोड्या उंचवट्यावर, वाऱ्याच्या आडोशास जागा धरावी, आणि घामाने भिजलेला सदरा अंधार पडण्यापूर्वी बदलावा.

दुसऱ्या दिवशी उतरावयाचे ते उत्तरेकडील पाचनईस. ही वाट लहान व सोपी, मंगळगंगेच्या घळीने, डोक्यावर आलेल्या कड्याच्या कडेकडेने जाणारी. आणि सोपी म्हणूनच लोक ती धावत उतरतात. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार झेलीत असतात, त्याने त्यांच्या तंतूंस सूक्ष्म इजा होते, आणि तिचा ठणका लगेच न जाणवता एक-दोन दिवसांनी, कचेरीचा जिना उतरताना, जाणवतो. हाती काठी घ्यावी, पावले आखूड टाकावीत, आणि राजूरकडे जाणाऱ्या गाडीची वेळ आदल्या रात्रीच झोपडीवाल्या मामांना विचारून ठेवावी, म्हणजे शेवटचा टप्पा पळत गाठण्याची वेळ येत नाही.